झुलते मनोरे आणि आमचे पार्किंग

अहमदाबादला मावशीकडे गेले की आधी चहा नाही, आधी झोपाळा. दार उघडताच पितळी कड्यांना टांगलेला लाकडी झोपाळा समोर दिसतो. गुजरातीत त्याला हिंचको म्हणतात. पिशव्या खाली ठेवायच्या आत घरातले कोणीतरी त्यावर जाऊन बसलेले असते. या वेळी पहिला मान आमच्या अकरा वर्षांच्या मुलाने मिळवला.

काका समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "मोबाइलवर वेळ लाव आणि दहा झोके मोज बघू."

मुलाने मोजले. सत्तावीस सेकंद.

"आता आजीला शेजारी बसव आणि परत मोज."

मावशी पदर सावरत, हसत बसली. वजन दुपटीहून जास्त झाले होते, तरी दहा झोक्यांना सत्तावीसच सेकंद लागले. मुलाला वाटले आपले काहीतरी चुकले. त्याने तिसऱ्यांदा मोजले. तेच उत्तर आले.

"वजनावर नाही रे, कड्यांच्या लांबीवर आहे ते," काका म्हणाले. "फार उंच झोका घेतलास तर थोडा फरक पडेल, एरवी नाही. प्रत्येक वस्तूचा आपला एक ठेका असतो. तो ओळखला की निम्मं काम झालं."

काकांचे आयुष्य अशा ठेक्यांतच गेले. १९७४ साली ते कोल्हापूरहून अहमदाबादला आले ते कापड गिरणीत फिटर म्हणून. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडायचे. मशिनच्या आवाजावरून आणि पायाखालच्या थरथरीवरून कुठला नट सैल झाला आहे हे त्यांना कळायचे. गिरण्या बंद पडल्या, काकांनी पुढे पंपांच्या वर्कशॉपमध्ये काम केले, पण कान आणि पाय तसेच राहिले.

मी मात्र त्या दिवशी वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ होते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप प्रवासभर वाजत होता. आमची इमारत तीस वर्षांची, चार मजली. तळाला नुसते खांब आणि गाड्या, वर घरे. नियमाप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट झाले आणि इंजिनिअरने लिहून दिले की तळमजल्यावर काही खांबांच्या मधे काँक्रीटच्या भिंती घाला आणि काही खांबांना जाड वेष्टण द्या. त्यात चार गाड्यांची जागा जाणार होती. चारपैकी एक आमची. मीटिंगमध्ये मी ठाम विरोध केला होता. "तीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?" हे वाक्य माझेच होते.

काकांना हे सांगितले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "उद्या सकाळी मनोरे बघायला जाऊ."

सारंगपूरचे जोड मनोरे

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत आम्ही निघालो. कालुपूर स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, सारंगपूर दरवाज्याजवळ सीदी बशीर मशिदीचे झुलते मनोरे आहेत. भोवती रिक्षा, हातगाड्या, हॉर्न, आणि त्या गर्दीतून वर निघालेले दोन कोरीव दगडी मनोरे. प्रत्येकी तीन मजले, उंची साधारण २१ मीटर. म्हणजे आजच्या सात मजली इमारतीएवढे. प्रत्येक मजल्याभोवती नक्षीदार सज्जा आहे. दोन्ही मनोऱ्यांमध्ये एक कमान आहे. एवढेच उरले आहे. मागची मशीद नाही.

ती का नाही, हे मराठी माणसाने जरा खाली मान घालून ऐकावे असे आहे. १७५३ मध्ये मराठ्यांच्या फौजांनी अहमदाबाद घेतले, त्या युद्धात मशिदीचा मुख्य भाग नष्ट झाला असे सांगितले जाते. पुढे १८१७ पर्यंत या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता. रायखड भागातली गायकवाड हवेली ही त्या काळाची खूण.

मनोरे पंधराव्या शतकातले. त्यांची ख्याती अशी की एका मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन त्याला हलवले, तर काही क्षणांनी दुसरा मनोराही हलू लागतो, आणि मधली कमान मात्र स्थिर वाटते. आता वर जाता येत नाही. १९८१ मध्ये दिल्लीच्या कुतुबमिनारच्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन ४५ जण मरण पावले, त्यात बहुतेक शाळकरी मुले होती. त्यानंतर देशातल्या अशा जुन्या मनोऱ्यांचे जिने बंद झाले.

पण काका त्याआधी वर गेले होते.

"शहात्तर साल असेल. मी आणि माझा गिरणीतला एक दोस्त. तो डाव्या मनोऱ्यावर, मी उजव्यावर. जिना अरुंद, गोल गोल, अंधारा. वर गेल्यावर त्यानं दोन्ही हातांनी खांब धरून हलवायला सुरुवात केली. मला वाटलं, थट्टा करतोय. आणि मग माझ्या तळव्याखाली काहीतरी आलं. दिसत नव्हतं. साचेखात्यात पायाखाली जे यायचं, तसंच, पण सावकाश. मी घाबरून खाली बसलो!"

मुलाने विचारले, "आजोबा, एवढा दगड हातानं हलतो?"

"झोपाळ्यावर आजी बसली होती तेव्हा तू एका बोटानं ढकललंस ना? प्रत्येक वेळी ती तुझ्याकडून परत निघाली की मगच ढकललंस. ती तुझ्याकडे येत असताना ढकललं असतंस तर थांबली असती."

हेच ते मर्म. वस्तू आपल्या ठेक्याने मागेपुढे होते, त्याला दोलन म्हणतात. त्याच ठेक्यावर बाहेरून लहान लहान धक्के मिळत गेले, की ते साठत जातात आणि दोलन मोठे होते. शाळेच्या पुस्तकात याला अनुनाद म्हटलेले असते. ताकद कमी असली तरी चालते, वेळ मात्र बरोबर साधली पाहिजे.

अहमदाबादच्याच गोमतीपूर भागात राजबीबी मशिदीचेही झुलते मनोरे होते. गुपित शोधण्यासाठी ब्रिटिशांनी त्यातला एक उकलला आणि मग तो पुन्हा जोडता आला नाही, अशी कथा शहरात सगळे सांगतात. इराणमधल्या इस्फहान शहरातही असे जोड मनोरे आहेत. आपल्या जळगाव जिल्ह्यात एरंडोलजवळचे फरकांडे गावही झुलत्या मनोऱ्यांसाठीच ओळखले जाते.

दोरी आणि दोन नट

दुपारी जेवण झाल्यावर काकांनी हत्यारांची पेटी काढली. दोन खुर्च्यांच्या पाठींना एक दोरी आडवी बांधली. तिला दोन सारख्या लांबीचे दोरे टांगले आणि प्रत्येकाच्या टोकाला एकेक जड नट बांधला. मग एकच नट बाजूला ओढून सोडला.

पहिला नट झुलू लागला, दुसरा स्तब्ध. थोड्या वेळाने दुसऱ्याने चुळबुळ केली. मग तो जोरात झुलू लागला आणि पहिला हळूहळू थांबला. पूर्ण थांबला! मग पुन्हा उलट. दोघे जणू एकच झोका आळीपाळीने घेत होते. मुलगा जमिनीवर पालथा पडून बघत राहिला.

"आडवी दोरी हलते का?" काकांनी विचारले.

"नाही."

"बोट लाव."

त्याने बोट लावले. दोरी अगदी बारीक थरथरत होती. डोळ्यांना न दिसणारी ती थरथरच एका नटाचा झोका दुसऱ्याकडे पोचवत होती. मनोऱ्यांमधली कमान स्थिर वाटते, पण बहुधा तीही अशीच निरोप पोचवत असणार.

मग काकांनी एक दोरा आखूड केला. आता पहिला नट कितीही झुलला तरी दुसरा जेमतेम हलायचा. दोघांचा ठेका जुळत नव्हता. सीदी बशीरचे मनोरे सारख्या उंचीचे, सारख्या घडणीचे आहेत, म्हणून त्यांचा संवाद होतो.

हा खेळ घरी जरूर करून बघा. खर्च शून्य, आणि लहानांइतकेच मोठेही रमतात. १६६५ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाने आजारपणात अंथरुणावरून असेच काहीसे पाहिले होते. एकाच आधाराला टांगलेल्या त्याच्या दोन लंबकाच्या घड्याळांचे लंबक थोड्या वेळाने आपोआप एकमेकांच्या तालात येत, एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे. मुद्दाम बिघडवले तरी अर्ध्या तासात पुन्हा जुळत. गुपित तेच, मधल्या आधाराची बारीक हालचाल.

मला वाटले, मनोरे झुलणारे म्हणून भूकंपातही टिकले असणार. मी तसे म्हणाले. काकांनी मान हलवली. "चल, जामा मशिदीत जाऊ."

अर्धे उरलेले मनोरे

माणेक चौकाजवळची जामा मशीद अहमदशहाने १४२४ मध्ये बांधून पूर्ण केली. बाहेर कपड्यांची आणि भांड्यांची दुकाने, आत पाऊल टाकले की एकदम मोकळे, शांत अंगण. मुख्य कमानीच्या दोन्ही बाजूंना सुंदर कोरीव मनोरे वर निघतात आणि छताजवळ येऊन थांबतात. नीट पाहिले तर कळते की ते थांबलेले नाहीत, तुटलेले आहेत.

हेही झुलते मनोरे होते. १६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये प्रचंड भूकंप झाला. तिकडे जमिनीचा एक लांबच लांब पट्टा वर उचलला गेला, त्याला लोक अल्लाह बंद म्हणतात. आणि इतक्या दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे उंच मनोरे कोसळले.

म्हणजे झुलणे हे कवच नव्हे. काकांना मला हेच दाखवायचे होते. ताठ असणे चांगले आणि झुलणे वाईट असेही नाही, की उलटही नाही. बाहेरून येणारा धक्का कोणत्या ठेक्यात येतो आणि तुमचा ठेका कोणता, यावर सगळे ठरते.

अंगणात हौदाच्या काठावर बसून काकांनी मग २००१ सालची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे मी ती तुटक तुटकच ऐकली होती.

सकाळी पावणेनऊ

२६ जानेवारी २००१, शुक्रवार. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटे. मावशी स्वयंपाकघरात पोहे परतत होती. काका झोपाळ्यासमोर बूट घालत होते. झोपाळा रिकामा होता आणि तो आपोआप हलू लागला.

"मला आधी वाटलं मांजर. मग कड्या वाजायला लागल्या. मग भांडी पडली."

कच्छमधल्या त्या भूकंपाची तीव्रता ७.७ होती. अहमदाबाद केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त दूर. तरीही शहरात अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे गेली. जुन्या पोळांमधली बहुतेक घरे मात्र उभी राहिली. पोळ म्हणजे जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्ल्यांच्या वसाहती. तिथल्या घरांत विटांच्या भिंतींमध्ये लाकडाचा सांगाडा असतो.

काकांचा तो मनोऱ्यावरचा दोस्त शहराच्या पश्चिम भागात नव्या इमारतीत राहायला गेला होता. खाली पार्किंग, वर चार मजले. तो ध्वजवंदनाला गेला होता. बायको घरी होती.

"मी तिथं पोचलो तेव्हा पहिला मजला जमिनीवर बसला होता. वरचे मजले तसेच, गॅलरीत कपडे वाळत घातलेले. फक्त पार्किंग नव्हतं. शेजारची बिल्डिंग तशीच उभी होती. तो मला विचारत होता, हीच का? मी काय सांगणार? नंतर मी वाचत गेलो. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या इंजिनिअरांना विचारत गेलो."

काकांना जे कळले ते असे. भूकंपाच्या लाटा वेगवेगळ्या ठेक्यांच्या असतात. जलद, चटचट हलवणाऱ्या लाटा लांब जाताना विरून जातात. संथ लाटा दूरवर पोचतात. अहमदाबाद साबरमतीच्या गाळावर वसलेले आहे, आणि गाळाची जाड, मऊ जमीन अशा संथ लाटांना आणखी मोठे करते. आता इमारतीचा ठेका बघा. ढोबळमानाने एका मजल्याला सेकंदाचा दहावा भाग. बैठे घर झटकन मागेपुढे होते. पाच मजली इमारतीला एका झोक्याला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, दहा मजलीला सेकंदभर. लांबून आलेल्या संथ लाटांचा ठेका बैठ्या घरांशी जुळला नाही. काही उंच इमारतींशी जुळला.

मेक्सिको सिटीत १९८५ मध्ये हेच झाले होते. भूकंप साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर. जमीन दोन सेकंदांच्या ठेक्यात डोलली आणि मधल्या उंचीच्या इमारतींचे सर्वांत जास्त नुकसान झाले.

पण फक्त ठेका जुळला म्हणून सगळ्या इमारती पडल्या नाहीत. ज्यांच्या तळाला भिंती नव्हत्या, त्यांचे जास्त हाल झाले. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात, त्यामुळे तो भाग एखाद्या खोक्यासारखा घट्ट असतो. खाली नुसते खांब. जमीन हलली की वरचे खोके एकसंध हलते आणि सगळे वाकणे त्या एका मजल्याच्या खांबांवर येते.

"चार बारीक काठ्यांवर पेटी ठेव आणि टेबल हलव," काका म्हणाले. "पेटीला काही होत नाही. काठ्या मोडतात."

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या वेळच्या नकाशात अहमदाबाद तिसऱ्या भूकंप विभागात होतं. पुणं आणि मुंबईही त्याच विभागात होती."

मी काहीच बोलले नाही. कोयनेचा १९६७ चा भूकंप आणि किल्लारीचा १९९३ चा माझ्या डोक्यात होता. तीस वर्षांत काही झाले नाही, हे वाक्य मला आठवत होते.

काकांच्या छातीतला ठेका

संध्याकाळी मावसबहीण आली. ती एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. जेवताना काकांनी सहज शर्टाचे वरचे बटण काढून मुलाला कॉलरच्या हाडाखालचा उंचवटा दाखवला. गेल्या वर्षी त्यांना पेसमेकर बसवला.

हृदयाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यातली प्रत्येक पेशी स्वतःच्या ठेक्याने विजेची सूक्ष्म स्पंदने सोडते. हजारो पेशी शेजारच्या पेशींचे ऐकून एका तालात येतात, नटांसारख्या, हायगेन्सच्या घड्याळांसारख्या, आणि त्या तालावर हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा धडकते. काकांचा तो पुंजका म्हातारा झाला, मधेच ठोका चुकवू लागला, त्यांना चक्कर येऊ लागली. पेसमेकर आता पहारा देतो. ठोका वेळेवर आला तर गप्प बसतो, उशीर झाला तर स्वतः इशारा देतो.

"म्हणजे इथं ताल जुळला तर चांगलं," मुलगा म्हणाला, "आणि बिल्डिंगचा जुळला तर वाईट?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. एवढे सोपे आम्हाला कोणालाच सांगता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बहिणीने त्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. एका उथळ काचेच्या ताटलीत तिने लालसर द्रावण ओतले आणि हात लावायचा नाही असे बजावले. काही वेळाने त्यात एक निळा ठिपका उमटला. तो पसरून कडे झाला, आत पुन्हा लाल, पुन्हा निळे कडे. कोणी ढवळत नव्हते, काही मिसळत नव्हते. ताटली आपल्या आपण श्वास घेतल्यासारखी रंग बदलत होती.

सोव्हिएत रसायनतज्ज्ञ बोरिस बेलोसोव्ह यांनी १९५१ मध्ये अशी अभिक्रिया पहिल्यांदा पाहिली. रसायने पुढेमागे होऊच शकत नाहीत असे म्हणून त्यांचा लेख नाकारला गेला. दहा वर्षांनी अनातोली झाबोतिन्स्की या तरुण संशोधकाने काम पुढे नेले. १९८० मध्ये त्या कामाला लेनिन पुरस्कार मिळाला, पण बेलोसोव्ह तोवर हयात नव्हते. आज हृदयाची लय बिघडते तेव्हा स्नायूत फिरणाऱ्या लाटा समजून घ्यायला याच ताटलीतल्या कड्यांचा उपयोग होतो. मुलाने घरी येऊन आजोबांना सांगितले, "तुमच्या हार्टमध्ये रंग नाहीत, एवढाच फरक."

साबरमतीवरचा पूल

शेवटच्या संध्याकाळी आम्ही अटल पुलावर गेलो. हा फक्त चालणाऱ्यांसाठीचा पूल २०२२ मध्ये खुला झाला. पतंगांच्या शहराला शोभेल असे त्याचे रंगीत छत आहे. खाली साबरमती, दोन्ही काठांवर दिवे, आणि पुलावर कुटुंबेच्या कुटुंबे. नारिंगी उजेडात सगळेच फोटो काढत होते.

काकांनी मुलाला लंडनच्या मिलेनियम पुलाची गोष्ट सांगितली. जून २००० मध्ये तो पादचारी पूल उघडला आणि गर्दी लोटली. पूल किंचित डावीउजवीकडे हलला. तोल सावरण्यासाठी लोकांनी नकळत त्याच तालात पाय टाकले. त्याने पूल आणखी हलला, म्हणून आणखी लोक तालात आले. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. मग त्याला झटके शोषणारी यंत्रे बसवली आणि २००२ मध्ये तो पुन्हा उघडला. आता तो हलत नाही.

"पूल पाडला नाही," काका म्हणाले. "चूक समजली, दुरुस्त केली. तैवानच्या तैपेई १०१ इमारतीत तर वरच्या मजल्यांवर ६६० टनांचा गोळा टांगलाय. वाऱ्यानं इमारत एकीकडे गेली की गोळा दुसरीकडे ओढतो. ठेका कळला की उपाय असतो. माझ्या छातीत नाही का?"

मग त्यांनी पहिल्यांदाच सरळ विचारले, "तुमच्या इंजिनिअरनं उपाय लिहून दिलाय ना?"

मी पुलावरूनच घरी फोन लावला. म्हटले, "आपली पार्किंगची जागा देऊन टाकू." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग नवरा म्हणाला, "गाडी कुठं लावायची?" मी म्हटले, "बघू."

पुण्याची मीटिंग

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. मी दोन खुर्च्या, दोरी आणि काकांनी दिलेले दोन नट घेऊन गेले. आधी लोक हसले. नट आळीपाळीने थांबू लागले तेव्हा हसणे थांबले. मग मी काठ्यांवरच्या पेटीचे सांगितले. काकांच्या दोस्ताच्या गॅलरीत वाळत असलेल्या कपड्यांचेही सांगितले. आणि शेवटी सांगितले की मागच्या मीटिंगमध्ये मी जे बोलले ते मागे घेते.

सगळे लगेच पटले असे नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका रागावून उठून गेले, त्यांचीही जागा जाणार होती. पुढच्या दोन मीटिंगांत भाड्याचा, खर्चाचा, धुळीचा वाद झाला. पण ठराव मंजूर झाला.

तुमच्या इमारतीखालीही नुसते खांब असतील, तर घाबरू नका, पण विचारा. नकाशांत लिफ्टच्या किंवा जिन्याच्या भोवतालच्या काँक्रीटच्या भिंती थेट पायापर्यंत जातात का? खांबांतून नळ किंवा वायरसाठी कोणी खोदकाम केले आहे का? ऑडिटमध्ये सुचवलेली कामे कागदावरच राहिली आहेत का? उत्तरे चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या, आमच्यासारख्यांकडून नाही.

आणि अहमदाबादला गेलात तर सीदी बशीरचे मनोरे सकाळी लवकर बघा, मग जामा मशिदीचे अर्धे मनोरे. दोन्ही बघितल्याशिवाय परत येऊ नका.

काम दिवाळीनंतर सुरू झाले आणि तीन महिने चालले. आमच्या जुन्या जागेवर आता काँक्रीटची भिंत आहे. मुलाने तिच्यावर पेन्सिलीने आपली उंची लिहून ठेवली आहे. गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते. पावसाळ्यात तिच्यावर कडुनिंबाचा पाला पडतो आणि रोज सकाळी तो झाडताना नवरा माझ्याकडे एकदा तरी बघतो.